‘दोन्ही पद्धतींनी लग्न’ म्हणजे नक्की काय?

गेल्या महिन्यात आमच्या घरी बैठक बसली. विषय माझ्या लग्नाचा. मी बौद्ध, वय चौतीस. तो मातंग समाजातला. दोघेही चळवळीत, एकमेकांना सात वर्षे ओळखतो. दोन्ही घरांचा होकार आहे, ही आनंदाची गोष्ट. पण ‘लग्न कोणत्या पद्धतीने?’ या एका प्रश्नावर बैठक अडली. माझे वडील म्हणाले, बौद्ध पद्धतीशिवाय दुसरा विषयच नको. त्याची आई म्हणाली, हळद, अक्षता आणि मंगळसूत्र नसेल तर आमच्या गावात लग्न झालं असं कोणी मानणार नाही. शेवटी एक वडीलधारे मध्ये पडले, “मग दोन्ही पद्धतींनी उरकून टाका की! सकाळी वंदना, दुपारी अक्षता.” सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. चहा आला. विषय संपला असे धरले गेले.

मला मात्र काही सुटल्यासारखे वाटले नाही. मला सहा वर्षांपूर्वी पाहिलेले एक लग्न आठवले. तेही ‘दोन्ही पद्धतींनी’ झालेले. मुलगी फिलिपिनो, मुलगा मेक्सिकन, ठिकाण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातले डिलेनो. त्या लग्नाबद्दल आज लिहिते आहे, कारण ‘दोन्ही पद्धती’ या शब्दांचा अर्थ मला तिथे कळला.

मी तेव्हा शेतमजुरांच्या संघटनांचा अभ्यास करायला काही आठवडे तिकडे होते. डिलेनो म्हणजे द्राक्षमळ्यांचा भाग. ज्या घरी राहात होते त्यांच्या नातीचे लग्न निघाले. नात परिचारिका, नवरदेव शाळेत शिक्षक. मुलीचे आजोबा द्राक्षे तोडून म्हातारे झालेले, मुलाच्या आईवडिलांचे हात अजून द्राक्षांतच. मी परकी, पण तयारीत मला हाताशी धरले. एका संध्याकाळी दोन्हीकडच्या बायका स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून विधींची यादी करू लागल्या, आणि गंमत सुरू झाली.

मुलाची आई म्हणाली, आमच्यात नवराबायकोच्या खांद्यांवरून एक दोर टाकतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळसा, एक फेरा त्याच्या खांद्यावर, एक तिच्या. त्याला लासो म्हणतात. मुलीची आजी म्हणाली, अगदी तसाच दोर आमच्यातही टाकतात. मुलाची आई म्हणाली, आमच्यात तेरा नाणी देतात. आजी म्हणाली, आमच्यातही तेराच. नाण्यांना नावही दोघींच्या बोलीत जवळजवळ एकच, आर्रास. मेक्सिकन घरात दोराचे वेगळे, नाण्यांचे वेगळे, केकचे वेगळे असे मानलेले आईबाप असतात, त्यांना पाद्रिनो म्हणतात. फिलिपिनो घरात निनोंग आणि निनांग असतात. एकीकडे कोम्पाद्रे, दुसरीकडे कुंपारे. लग्नानंतरच्या नाचात पाहुणे नवराबायकोच्या कपड्यांना नोटा टाचतात, तेही दोन्हीकडे. मेक्सिकन पद्धतीत मुलाकडचे मागणी घालायला मुलीच्या घरी जातात. फिलिपिनोंमध्येही जातात, आणि त्या भेटीच्या नावाचा अर्थच ‘जिना चढून वर येणे’ असा आहे.

म्हणजे दोन पद्धती जुळवायला बसलेल्या बायकांना कळले की आपल्याकडे सगळेच दुहेरी आहे. दोन दोर, दोन डब्या नाण्यांच्या. पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांची ही माणसे, भाषा वेगळ्या, वंश वेगळे, मग एवढे साम्य कुठून? आजी हसत म्हणाल्या, “मालक एकच होता ना दोघांचा.”

आजींचे ते वाक्य शब्दशः खरे आहे. १५६५ ते १८१५, अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला आणि परत अशी चालली. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना चीनचे रेशीम आणि आशियातला माल. फिलिपिन्सचा कारभार कित्येक पिढ्या थेट स्पेनमधून नाही, तर मेक्सिकोच्या व्हाइसरॉयमार्फत चालत होता. त्याच जहाजांतून मिशनरी गेले, देवाच्या मूर्ती गेल्या. मनिलाच्या कियापो भागातली काळी येशूमूर्ती मेक्सिकोहून आलेली. उलट फिलिपिनो खलाशी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले आणि माडाची ताडी काढण्याची विद्या घेऊन गेले. कोलिमा भागात ती ताडी आजही फिलिपिनो नावानेच, तुबा म्हणून, विकली जाते. दोन्ही देशांच्या चलनाचे नाव पेसो, तेही याच मालकाचे देणे.

माल गेला, देव गेले, तशी गुलाम माणसेही गेली. त्यांत आपल्याकडचीही होती. सतराव्या शतकात भारतातून धरून नेलेली एक मुलगी मनिलामार्गे मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात विकली गेली. कातारिना दे सान हुआन या नावाने ती तिथे १६८८ मध्ये वारली. तिकडे ती आजही लोककथेत आहे, इकडे तिचे नाव कोणाला ठाऊक नाही.

आता आपल्या विषयाचा मुद्दा. ज्या मालकाने ही सारखी लग्ने शिकवली, त्यानेच ‘कास्ता’ शिकवली. कास्ता म्हणजे वंश, कूळ. हाच शब्द पोर्तुगिजांनी आपल्याकडच्या जातीला लावला आणि त्यावरून इंग्रजीत ‘कास्ट’ झाले. अठराव्या शतकात मेक्सिकोत चित्रांचे संच काढले जात, बहुधा सोळा चित्रांचे. प्रत्येक चित्रात एक पुरुष, एक बाई, त्यांचे मूल आणि खाली लिहिलेले: अमका पुरुष, तमकी बाई, पोटी आलेल्या मुलाला हे नाव. स्पॅनिश आणि मूळनिवासी यांचे मूल मेस्तिसो. मेस्तिसोचे पुन्हा स्पॅनिशाशी लग्न झाले की मूल कास्तिसो, आणि कास्तिसोचे पुन्हा स्पॅनिशाशी झाले की मूल परत स्पॅनिश. आफ्रिकी रक्त असलेल्यांना मात्र अशी परतीची वाट नव्हती. मी ही चित्रे पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवला. तिथेही हीच यादी आहे. अमक्या वर्णाचा बाप, तमक्या वर्णाची आई, संततीचे नाव हे. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई, तर मूल चांडाळ. दोन समुद्रांपलीकडच्या दोन सत्तांना एकच भीती होती. कोण कोणाशी लग्न करतो, ही.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी हेच सांगितले होते. जातीचा प्राण भेटीगाठीत नाही, भाकरीत नाही, तो जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. ते हे लिहीत होते तेव्हा त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, गोऱ्या माणसाने काळ्या किंवा ‘मंगोल’ वंशाच्या माणसाशी लग्न करू नये असा कायदा चालू होता. पुढे फिलिपिनो मजूर हजारोंनी आले. बहुतेक तरुण पुरुष, बायका अगदी थोड्या. ते नाचगृहात गोऱ्या मुलींबरोबर नाचतात यावरून १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिल येथे गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. त्यात फर्मिन तोबेरा हा बावीस वर्षांचा मजूर गोळी लागून मेला. १९३३ मध्ये साल्व्हाडोर रोल्डान या फिलिपिनोने न्यायालयात युक्तिवाद जिंकला की आम्ही मंगोल नाही, मलय आहोत, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. विधिमंडळाने काय केले? त्याच वर्षी कायद्यात ‘मलय’ हा शब्द घातला. आपल्या लोकांना हा खेळ नवा नाही. आपण दार शोधले की भिंत तिथपर्यंत वाढवायची.

आणि मेक्सिकन? ते कागदावर गोरे. प्रत्यक्षात त्यांच्या मुलांना अनेक गावांत वेगळ्या शाळा. पण कागदावर गोरे असल्यामुळे मेक्सिकन बाई आणि फिलिपिनो पुरुष यांचे लग्न कायद्याच्या कात्रीत सापडायचे. परवाना मिळेल की नाही, हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला बाईचा रंग किती सावळा दिसतो यावर ठरायचे. काही जोडपी असा कायदा नसलेल्या राज्यात, न्यू मेक्सिकोसारख्या ठिकाणी, जाऊन लग्न करून यायची. कित्येक जण आयुष्यभर एकटेच राहिले. आजींचे थोरले काका त्यातलेच. मळ्यावरच्या खोपटात चाळीस वर्षे काढली, लग्न नाही. त्यांचा एक फोटो त्या घरात होता, कडक इस्त्रीचा सूट, डोक्याला तेल लावून बसवलेले केस. “एवढे देखणे होते,” आजी म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

हा कायदा १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये पडला. तो पाडणारे जोडपे म्हणजे आन्द्रेया पेरेस ही मेक्सिकन वंशाची, कागदावर गोरी मुलगी आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हा कृष्णवर्णीय तरुण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेबांनी दिल्लीत नोंदणी पद्धतीने डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे माईसाहेबांशी, लग्न केले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हीकडे लग्न म्हणजे केवळ दोन घरांचा समारंभ नव्हता, हे समजून घ्यावे.

कायदा पडला म्हणून माणसे लगेच जवळ आली नाहीत. मळेवाले एका समाजाने संप केला की दुसऱ्याला आणून कामावर लावत. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डिलेनोच्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली ताशी १ डॉलर ४० सेंट मजुरीसाठी संप पुकारला. १६ सप्टेंबरला सेझर चावेझ यांच्या मेक्सिकन संघटनेने सभा घेऊन ठरवले, या वेळी आपण संप फोडणार नाही, संपात उतरणार. संपाचे स्वयंपाकघर फिलिपिनो सभागृहात चालले आणि दोन्ही समाज एका पंगतीला जेवले. १९६६ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. मुलीच्या आजोबांनी मला सांगितले, “त्याआधी आम्ही एकाच मळ्यात होतो, पण वेगवेगळ्या छावणीत. मेक्सिकन माणसाच्या ताटातला पदार्थ मी पहिल्यांदा संपात चाखला.”

इथे थांबून एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. एकत्र आलेल्या संघटनेत मेक्सिकन संख्येने फार मोठे होते. हळूहळू सभांची भाषा, गाणी, झेंडे, सगळे त्यांचे झाले. इटलियाँग १९७१ मध्ये बाहेर पडले. चावेझ यांचे नाव जगभर झाले आणि संप ज्यांनी सुरू केला त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात यायला कित्येक दशके लागली. आजोबा याबद्दल रागाने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “एकत्र येणं म्हणजे मोठ्या भांड्यात छोटं भांडं ओतणं नव्हे.”

लग्नाच्या यादीवरही हीच सावली होती. मेक्सिकन पाहुणे दुप्पट. मारियाची वाजंत्री ठरलेली. आजींना वाटत होते की आमचे काहीच दिसणार नाही. आणि दोर तर दोन, खांदे तेच. पाद्रींनी सांगितले की एकच टाका. मग कोणाचा? यावरून दोन दिवस घरात तोंडे फुगलेली होती. शेवटी मुलीने आणि मुलाने स्वतः बसून ठरवले. दोर मेक्सिकन राहील, पण तो फिलिपिनो निनोंग-निनांग टाकतील. त्याआधी फिलिपिनो पद्धतीने एक लांब ओढणी दोघांच्या खांद्यांना टाचतील, ती मेक्सिकन पाद्रिनो टाचतील. नवरदेव अननसाच्या धाग्याचा फिलिपिनो बारोंग घालेल. जेवणात तमाले आणि लुंपिया शेजारी शेजारी. म्हणजे आपला विधी दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मला ही युक्ती फार मोलाची वाटली.

नाण्यांची गोष्ट अजून महत्त्वाची. तेरा नाणी नवरा बायकोच्या ओंजळीत ओततो, अर्थ असा की घराचे पोषण मी करीन, तू सांभाळ. मुलगी म्हणाली, “मी रात्रपाळ्या करते. माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे. मी नुसती ओंजळ पसरून उभी राहणार नाही.” दोन्हीकडच्या आया दचकल्या. परंपरा आहे, म्हणाल्या. ती म्हणाली, “परंपरा ठेवू. दिशा बदलू.” लग्नाच्या दिवशी डबीत सहा मेक्सिकन पेसो, सहा फिलिपिनो पेसो आणि आजोबांनी दिलेले पाव डॉलरचे एक नाणे होते. ती नाणी त्याच्या ओंजळीतून तिच्या ओंजळीत गेली आणि तिच्या ओंजळीतून परत त्याच्या. एक नाणे खाली पडले, लोक हसले, मुलाच्या धाकट्या भावाने बाकाखाली शिरून शोधून आणले. लग्न लागले.

मी त्या लग्नातून हे शिकले. दोन पद्धती शेजारी मांडल्या म्हणजे भिंत पडत नाही. तिथे तर दोन्ही पद्धती आधीपासून एकाच मालकाच्या होत्या. दोघांचा दोर सारखा असूनही त्यांच्या आजोबा-काकांना एकमेकांत लग्न करता येत नव्हते. भिंत पाडली ती कायद्याच्या लढाईने, संपाच्या पंगतीने आणि लग्न करायची हिंमत करणाऱ्यांनी. विधीचे काम त्यानंतरचे. पण विधी क्षुल्लकही नाहीत. प्रत्येक विधीला दोन प्रश्न विचारावे लागतात. हा कोणाला बांधतो? आणि हा कोणाच्या हातून होतो?

हे दोन प्रश्न मी आमच्या यादीला लावले.

मंगळसूत्र कोणाला बांधते? फक्त मला. तो मेक्सिकन दोर निदान दोघांच्या खांद्यावर होता. म्हणून मंगळसूत्र नाही. अक्षता आणि मंगलाष्टके कोणाच्या हातून होतात? भटजीच्या. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला तो रस्ता बंद केला आहे, आणि त्याच्याही आधी, १८७३ पासून, सत्यशोधकांनी भटजीविना लग्ने लावून दाखवली आहेत. जोतीरावांनी त्यासाठी नवी मंगलाष्टकेही लिहिली. म्हणजे ‘सकाळी वंदना, दुपारी अक्षता’ ही तडजोड नाही. ती सकाळची प्रतिज्ञा दुपारी मोडणे आहे. इथपर्यंत माझे वडील खूश होते.

पण साथीहो, प्रश्न आपल्यालाही लावावे लागतात. आमच्या दोन घरांत मोठे भांडे कोणाचे? आमचे. चळवळीत संख्या आमची, विहार आमचे, भाषणे आमची, संस्था आमच्या. सुरुवातीला मी त्याला काय म्हणाले होते? “आधी तू धम्मदीक्षा घे, मग बघू.” जणू तो माझ्याकडे यायचा आहे आणि मला कुठेच जायचे नाही. मातंग समाजातले कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगतात की तुमच्या मंचावर आम्ही पाहुणे असतो. आपण ऐकतो आणि पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका पुन्हा तशीच छापतो. इटलियाँग यांचे नाव ज्या पद्धतीने पुसले गेले, तीच पद्धत आपल्या हातूनही चालते, हे कबूल केले पाहिजे. धम्म त्याने स्वीकारला तर मला आनंदच होईल. पण तो लग्नाचा परवाना म्हणून मी मागणार नाही. परवाना देणाऱ्या कारकुनाच्या खिडकीत मला बसायचे नाही.

म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरवले. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. मग सभागृहात त्रिशरण, पंचशील. मंचावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी लहुजी साळवे आणि अण्णा भाऊ साठे, त्याच उंचीवर, बाजूच्या खुर्चीत नव्हे. पुष्पहार त्याची आई घालील, मेणबत्ती माझे वडील पेटवतील, आणि नंतर उलटे. हळद बायकांची आहे, तिला भटजी लागत नाही. ती दोघांनाही लागेल. शपथ दोघांची, एकाच शब्दांत, आळीपाळीने.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. त्याचे वडील हलगी वाजवतात, उत्तम वाजवतात. त्यांना मुलाच्या लग्नात वाजवायची आहे. माझे वडील म्हणतात, जी कामे जातीने गळ्यात बांधली ती टाकूनच आपण माणूस झालो, आता पुन्हा वाजवायची? त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पाटलाच्या मिरवणुकीपुढे वाजलेली हलगी मीही विसरलेली नाही. पण ज्याच्या हातात कला आहे त्याने ती स्वतःच्या दारात, स्वतःच्या आनंदासाठी, कोणाच्याही हुकुमाविना वाजवली तर ती तीच हलगी राहते का? मला वाटते, दिशा बदलली. माझ्या वडिलांना अजून तसे वाटत नाही. लग्न मार्गशीर्षात की माघात, याचा मुहूर्त आम्हाला पाहायचा नाही, त्यामुळे त्यांचे मन वळवायला वेळ आहे.

तुमच्या घरी कोणी ‘दोन्ही पद्धतींनी करून टाका’ म्हणाले, तर सुटका मानू नका. यादी मांडा. प्रत्येक ओळीला विचारा, हे कोणाला बांधते आणि कोणाच्या हातून होते. आणि मग एक प्रश्न स्वतःला: आपले भांडे मोठे तर नाही ना?

जयभीम.